सुदाम पेंटर आणि अण्णांचा दहावा

माझ्या वडिलांच्या दहाव्यावर कॉमिक काढणारा माणूस आज सकाळी गेला.

सुदाम पेंटर. वरवंड.

आमच्या घरात हे नाव घेत नाहीत. आज मी घेतेय, कारण आईने सांगितलंय. ज्यांना त्रास होईल त्यांनी खुशाल अनफ्रेंड करावं. मला आता भांडायचा कंटाळा आलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सुदाम पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या, ट्रॉलीच्या मागच्या फळीवर मालकाचं नाव, निवडणुकीत भिंती. फ्लेक्स आले आणि त्याच्या हातातलं काम गेलं.

मग रिकामं बसण्यापेक्षा त्याने गावावरच कॉमिक काढायला घेतलं. नाव ठेवलं 'चिपाड'. रस काढून घेतल्यावर उसाचं जे उरतं ते.

झेरॉक्स काढून, स्टेपल मारून हायवेच्या रसवंतीवर ठेवायचा. लोक रस पिता पिता वाचायचे आणि ठसका लागायचा.

त्यात सगळे होते. ग्रामसभेत घोरणारे, ऊसतोडीची टोळी आधी आपल्याच रानात यावी म्हणून फोनवर फोन करणारे, दर वाढदिवसाला 'भावी सरपंच' होणारे. नावं बदललेली, चेहरे तेच.

आधी शिव्या पडल्या. मग व्हॉट्सॲपवर पानं फिरली, पुण्यात प्रदर्शन भरलं, पेपरात फोटो आला. मग काय, शाल-नारळ! ज्यांची टिंगल केली तेच सत्काराला पहिल्या रांगेत.

एक पुढारी तर भर स्टेजवर म्हणाले, "पेंटर, आमाला कवाबी काढा, पर पोट जरा कमी काढा."

ज्याला काढलं नाही तो रुसायचा. असेही दिवस होते त्याचे.

मग अण्णा गेले. माझे वडील.

आमच्याकडचा दहावा तुम्हाला माहितीय. पिंड ठेवायचे आणि पुढाऱ्यांची वाट बघायची. प्रवचन संपत आलं तरी महाराजांच्या कानात कोणीतरी सांगतं, "आजून थोडं चालू द्या, साहेब चौफुल्यापर्यंत आलेत."

मग श्रद्धांजलीची भाषणं. अण्णांना कधीही न भेटलेला माणूस त्यांच्या सहवासाबद्दल बोलत होता. एकाने तर अण्णांचं नावच चुकवलं. माझ्या भावाने, दादाने, माइकजवळ जाऊन ते दुरुस्त केलं. बायका उन्हात घेरी येऊन बसल्या होत्या.

सुदाम पेंटर मागे उभा राहून सगळं बघत होता.

पुढच्या 'चिपाड'मध्ये तोच दहावा आला. भाषणं चाललीत. सगळ्यात मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, डोक्यावर टॉवेल टाकून, खुद्द अण्णा बसलेत. जांभया देतायत. शेवटच्या चौकटीत उठतात आणि शेजारच्याला म्हणतात,

"तुमचं चालू द्या. लाईट आली आसंल, मला मोटार चालू करायचीय."

अण्णा अगदी तसेच होते. आज लिहिताना हसू येतंय. तेव्हा अंगाची आग झाली होती.

भाषणं ठोकणाऱ्यांना स्वतःच्या अपमानाबद्दल बोलता येईना, म्हणून ते अण्णांच्या अपमानाबद्दल बोलू लागले. मयताची टिंगल केली म्हणून गाव बंद. दादाला पुढे केलं. पेंटरच्याच डब्यातला काळा रंग त्याच्या तोंडाला फासला आणि माफी मागायला त्याला आमच्या अंगणात आणला.

व्हिडिओ अजून सापडेल. मी त्यात दादाच्या मागे उभी आहे.

दादा ओरडला, "कुणाला इचारून काढलंस? सांग! कुणाला इचारलंस?"

पेंटरने दाराकडे बघितलं. आई उंबऱ्यात उभी होती, तोंडाला पदर लावून.

"कुणालाच न्हाई," तो म्हणाला. "चूक माझी हाय."

'चिपाड' तिथेच संपलं. रसवंतीवाला नको म्हणाला. पुण्याच्या लोकांनी फोन उचलायचं सोडलं.

पुढे तो एका फ्लेक्सवाल्याकडे कामाला लागला. कॉम्प्युटरवर बसून पुढाऱ्यांची पोटं आणि डबल हनुवट्या कमी करून द्यायचा. इतकी वर्षं तेच.

मी तळेगाव ढमढेऱ्याहून माहेरी गेले की कधी कधी स्टँडवर दिसायचा. मी मान फिरवायचे. तो तरी विचारायचाच, "आईंची तब्येत बरी हाय ना?"

आज सकाळी तो गेल्याचा मेसेज आला. आई हल्ली माझ्याकडे असते. तिला वाचून दाखवला.

तिने चहाचा कप खाली ठेवला.

"मला इचारलं व्हतं त्यानं."

"काय विचारलं होतं?"

"छापायच्या आधी. पानं घिऊन मागच्या दारानं आला व्हता. म्हनला, वयनी, तुमी नको म्हनला तर हितंच फाडतो. मी वाचलं. लई हसले गं. तुझे अण्णा गेल्यापास्नं पयल्यांदा. म्हनलं, छाप. हे आमचंच मानूस हाय."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"कशी बोलू? नवरा जाऊन म्हैना झाला न्हाई आन् बाई हसती. भावकीनं जगू दिलं आसतं का मला? त्याला ठावं व्हतं ते. म्हनून तर गप ऱ्हायला."

मग म्हणाली, "तुमच्या त्या फेसबुकवर लिव. आईनं सांगितलं म्हनून लिव."

"आई, लोक बोलतील."

"बोलू दे. तो गेला. आता मी आजून कुनाला भ्यायचं?"

म्हणून हे लिहिलंय.

गावाच्या ग्रुपवर दुपारपासून त्याच्या दहाव्याला कोण कोण बोलणार याची चर्चा चालू आहे. 'हरहुन्नरी कलाकार' असा फ्लेक्सही तयार झालाय. शेवटी शेवटी त्याचे गाल आत गेले होते, ते भरून दिलेत. चालू द्या. मला कुणाशीच वाद घालायचा नाही.

दादा, तू हे वाचशील. मला फोन करू नकोस. आईला कर.

पेंटर, तुम्ही आमच्या आईची लाज राखलीत आणि त्यापायी तुमचं काम गेलं. आम्हाला कळायला फार उशीर झाला.

आईने नमस्कार सांगितलाय. माझाही घ्या.