आधी कान, मग कागद

तांडेलसाहेब गेल्याचा फोन आला तेव्हा मी परळला एका नव्या टॉवरच्या तळघरात, सांडपाण्याच्या टाकीपाशी उभी होते. मी "बरं" म्हटलं, हातातल्या बाटलीला बूच लावलं आणि पुढची बाटली भरायला घेतली. ती भरली, तिच्यावर चिठ्ठी चिकटवली, मग वर आले आणि वॉचमनला विचारलं, "इथून शिवडीला बस कुठली मिळेल?" ज्या परळमध्ये मी जन्मले, शिकले, तिथे मी रस्ता विचारत होते. वॉचमननं माझ्याकडे पाहून खुर्ची पुढे केली. मी बसले नाही, पण ती खुर्ची माझ्या लक्षात राहिली आहे.

हरेश्वर तांडेल हे आमच्या फर्मचे मालक. गिरगावात एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आणि त्याला लागून छोटी प्रयोगशाळा. कारखान्यांच्या चिमणीतला धूर मोजायचा, सांडपाणी आणि माती तपासायची, त्यावर उपाय सुचवायचा आणि सरकारी परवानगीसाठी रिपोर्ट करून द्यायचा, हे आमचं काम. मी तिथली केमिस्ट. तरुणपणी लागले, आता केस पांढरे झाले. तेव्हा साहेबांविषयी चार चांगले शब्द मीच लिहावेत असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. अडचण अशी की चांगले शब्द दादरच्या शोकसभेतच वापरून संपले. शिवडीच्या कोळीवाड्यातले एक काका म्हणाले, आमच्या वाड्याचा पहिला इंजिनीयर, शेवटपर्यंत आमचा राहिला. युनियनचे एक वयस्कर कार्यकर्ते म्हणाले, तो कामगारांचा माणूस. आणि आमचे जुने क्लायंट, बिल्डरचे मॅनेजर प्रधान, डोळे पुसत म्हणाले, "साहेबांनी आम्हाला कागदावर कधी अडचणीत आणलं नाही." तिघंही खरं बोलत होते. मी मागच्या रांगेत बसून विचार करत होते की हे एकाच माणसाबद्दल चाललं आहे ना... माझं नाव पुकारलं तेव्हा मी मानेनं नाही म्हटलं.

गिरण्यांचा संप झाला तेव्हा मी शाळेत होते. माझे वडील गिरणीत रंगखात्यात होते. संप मिटला असं कुणी कधी जाहीर केलं नाही, तो नुसता विरत गेला, आणि त्याबरोबर वडिलांची नोकरीही. पुढे ते एका सोसायटीत पहारेकरी झाले आणि मी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलं. तांडेलसाहेबांकडे मुलाखतीला गेले तेव्हा त्यांनी प्रमाणपत्रांकडे पाहिलंसुद्धा नाही. एक बाटली पुढे सरकवली आणि म्हणाले, "वास घ्या. कसला आहे?" माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबांच्या बनियनचा." मग जीभ चावली आणि म्हटलं, "म्हणजे सल्फर ब्लॅक, सर. सुताच्या काळ्या रंगाचा." ते खूप हसले. सोमवारपासून या, म्हणाले. घरी सांगितलं तर वडिलांना आनंद झाला की वाईट वाटलं ते त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. त्या रात्रीपासून ते बनियन स्वतः धुवायला लागले, हे मात्र खरं.

गिरण्यांच्या चिमण्यांवर चढून धूर मोजणं हा साहेबांचा मूळ धंदा. संपानंतर एकेक चिमणी थंड पडली तसे आमचे क्लायंटही गेले. "मुंबईची हवा सुधारली म्हणून उपाशी पडलेली माणसं फक्त आपणच," असं ते एकदा गमतीनं म्हणाले. मी म्हटलं, "फक्त आपणच नाही, सर." तो विनोद त्यांनी माझ्यासमोर पुन्हा केला नाही, आणि पुढच्या आठवड्यात वडिलांची तब्येत विचारायला आमच्या चाळीत आले. जमिनीवर बसून जेवले, आईनं केलेल्या सुक्या बोंबलाच्या चटणीत चूक काढली आणि दुसऱ्यांदा मागून घेतली. असा माणूस. रागवावं तर नेमका कुठे पकडायचा ते समजत नसे.

त्यांची काम करण्याची एक रीत होती आणि ती मी दुसऱ्या कुठल्याही सल्लागाराकडे पाहिली नाही. तपासणीचा निकाल वाईट आला की ते रिपोर्ट टाइप करू देत नसत. मला बरोबर घेऊन आधी क्लायंटकडे जायचे. चहा मागवायचे, दार लोटून घ्यायचे आणि जे काही वाईट असेल ते सगळं, काही न लपवता, तोंडी सांगायचे. मग म्हणायचे, "आता हे दुरुस्त करा. झालं की मी पुन्हा येतो. तेव्हा जे दिसेल ते लिहीन." आधी कान, मग कागद, हे त्यांचं ब्रीदवाक्यच होतं. मी सुरुवातीला हुज्जत घातली. हे क्लायंटला पाठीशी घालणं नाही का? ते म्हणाले, "अगं, वाईट कागदावर लिहिलं की माणूस कागदाशी भांडत बसतो. वकील लावतो. कानात सांगितलं की निदान घाणीशी तरी भांडतो."

आणि ते खोटं नव्हतं. लालबागला एक कपडे रंगवायचा छोटा कारखाना होता, त्याचं पाणी शेजारच्या चाळीच्या गटारात जाई. बायका तक्रारी करून थकल्या होत्या. आधीच्या कुणा सल्लागाराचा खरमरीत रिपोर्ट मालकाच्या कपाटात होता आणि पाणी गटारात होतं, दोघंही आपापल्या जागी सुखरूप. साहेबांनी मालकाला समोर बसवून अर्धी सकाळ सांगितलं. काही आठवड्यांत टाकी बसली, गटार वाहतं झालं. आमच्या रिपोर्टमध्ये सगळं आलबेल, आणि खरोखरच आलबेल. त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला होता. अजूनही वाटतो. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पुढे गिरण्यांच्या जमिनी विकल्या जाऊ लागल्या आणि आमचे दिवस पालटले. धुरानं जे नेलं ते मातीनं परत दिलं. वडिलांची गिरणी ज्या बिल्डरनं घेतली त्याचे मॅनेजर म्हणजे हे प्रधान. इमारती उठवण्याआधी जमीन तपासायची होती. रंगखात्याची शेड पाडलेली, खाली फरशीचे तुकडे, आणि त्याच्याखालची माती हिरवट पिवळी. मी तपासली. रंगातलं विषारी क्रोमियम इतकं की मला वाटलं मशीन बिघडलं, म्हणून पुन्हा तपासली. साहेब मला घेऊन प्रधानांकडे गेले, नेहमीसारखे सगळं स्पष्ट बोलले. ही माती पूर्ण काढा, अशी माती पुरायची सरकारनं नेमलेली जागा आहे तिथेच पाठवा, मग मी पुन्हा नमुने घेतो. प्रधानांनी माती काढली. ट्रकमागून ट्रक गेले. आम्ही पुन्हा नमुने घेतले, ते स्वच्छ निघाले, आणि स्वच्छ असाच रिपोर्ट गेला.

मी विचारलं, "सर, माती गेली कुठे?"

"प्रधान म्हणाले, नेमलेल्या जागी."

"तुम्ही पाहिलीत?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "सुनंदा, आपला रिपोर्ट जमिनीचा आहे. मातीचा नाही."

मी काही दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. मग एका सकाळी त्यांनी माझ्या टेबलावर पापलेटाची पिशवी आणून ठेवली आणि म्हणाले, "मासे घ्यायचे तर भाऊच्या धक्क्यावरून घेत जा. आमच्या शिवडीच्या चिखलातल्या चिंबोऱ्या घेऊ नकोस. त्यांना आता पूर्वीची चव नाही." कोळ्याच्या पोरानं माशांवर दिलेला निकाल, मी निमूट मानला. आमच्या घरी तेव्हापासून शिवडीचे खेकडे आले नाहीत. मी शेजारणींनाही ऐटीत सांगायची की आमच्या साहेबांनी सांगितलंय, चव नाही.

नारळी पौर्णिमेनंतर काही दिवसांनी हिरूमावशी ऑफिसात आल्या. या साहेबांच्या चुलत बहीण, वयानं मोठ्या, शिवडीच्या कोळीवाड्यात राहणाऱ्या. जन्मभर मासळी विकलेला आवाज, हळू बोलल्या तरी जिन्यापर्यंत जातो. मला वाटलं साहेबांचं काही सामान न्यायला आल्या असतील. त्यांनी साहेबांच्या खुर्चीकडे एकदा पाहिलं आणि माझ्यासमोर बसल्या.

"पुनव झाली गो," त्या म्हणाल्या. "हरबा तर गेला. आता आमाला औंदा कोन सांगनार?"

"काय सांगणार, मावशी?"

"चिंबोऱ्या खायाच्या का नाय ते."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ज्या वर्षी गिरणीची माती निघाली त्याच वर्षी साहेब वाड्यावर गेले होते आणि घरच्यांना बसवून म्हणाले होते, बंदराच्या बाजूच्या चिखलातलं काही धरू नका, खाऊ नका, विकू नका. का, ते सांगितलं नाही. मावशींचं घर त्या चिखलावर चालत होतं. हरबा बोलला म्हणून त्यांनी ते सोडलं आणि धक्क्यावरून बोंबील घेऊन विकू लागल्या. त्यानंतर दर वर्षी पौर्णिमा झाली की साहेब येत, ओहोटीला चिखलात उतरून बाटली भरून नेत आणि काही दिवसांनी येऊन सांगत, "अजून नाय."

"आणि वाड्यातले बाकीचे?" मी विचारलं.

"घरच्यांना सांगितलान. बाकी लोक धरतातच की. तो कोनाकोनाला सांगनार, गो?"

मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले आणि प्रयोगशाळेत जाऊन उभी राहिले. वाड्यातले बाकीचे लोक धरतात, लालबागच्या बाजारात आणतात, आमच्या चाळीतल्या बायका घेतात. ज्यांनी माझं ऐकलं त्यांनीही चव नाही म्हणून घेणं बंद केलं, विष आहे म्हणून नाही. त्या माणसानं प्रधानांना सांगितलं, बहिणीला सांगितलं, मलासुद्धा सांगितलं. प्रत्येकाला त्यानं खरं सांगितलं, प्रत्येकाला त्याच्या झेपण्यापुरतं, आणि लिहून कुणालाच दिलं नाही. ते चिखलाचे नमुने आमच्याकडे कधी तपासले गेले नाहीत. कुठे तपासून आणत होते, देव जाणे. माझ्यापासून लपवायचे, याचा अर्थ त्यांना माझ्यासमोर लाज वाटत होती का? मला राग आला, रडू आलं, आणि दोन्हींत नेमकं काय जास्त होतं ते मला आजही सांगता येणार नाही. गिरणीची माती त्या चिखलातच गेली याचा माझ्याकडे पुरावा नाही. बंदराच्या चिखलात आणखी शंभर ठिकाणची घाण येते. तरीही दर वर्षी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून एकटा माणूस ओहोटीच्या चिखलात का उतरत होता?

मावशींना मी तोंडी उत्तर दिलं नाही. त्यांच्याबरोबर शिवडीला गेले. त्यांनी काठावरून जागा दाखवली, मी उतरले. बाटलीवर चिठ्ठी लावताना क्लायंटच्या नावापाशी पेन अडलं. मग तिथे मावशींचं नाव घातलं. पुढचे दिवस त्यांचा रोज फोन येई, "काय आलं गो?" आणि आकडा मशीनवर दिसला त्या संध्याकाळी मला अगदी मनापासून वाटलं की सांगून टाकावं, अजून नाही, मावशी, आणि फोन ठेवावा. किती सोपं होतं ते, आणि किती मायेचं. साहेब इतकी वर्षं नेमकं कशात अडकले होते, ते मला तेव्हा पहिल्यांदा थोडंसं समजलं. समजलं म्हणून पटलं असं नाही.

रिपोर्ट मी टाइप केला. आकडा वाईट आहे, तो आहे तसा लिहिला. हा कागद वाड्यात फिरला की कुणीतरी विचारेल, ही घाण कुठून आली, आणि विचारत विचारत ते आमच्या स्वच्छ रिपोर्टपर्यंत येतील, साहेबांच्या सहीपर्यंत येतील. शोकसभेतले सगळे चांगले शब्द तेव्हा काय कामाचे राहतील, कोण जाणे. ऑफिसात नवं लेटरहेड छापून आलं होतं, साहेबांचं नाव काढलेलं. मी जुनंच घेतलं. का घेतलं ते मला विचारू नका, मी स्वतःला विचारून थकले आहे.

मावशींच्या ओटीवर बसून मी त्यांना तो शब्दन् शब्द मराठीत समजावून सांगितला. शेजारच्या दोघीतिघीही येऊन उभ्या राहिल्या. मावशींनी कागद हातात घेतला, उलटा झाला होता तो सुलटा केला.

"इंग्लिश मला येत नाय," त्या म्हणाल्या. "ह्याच्यात हरबाचं नाव हाय?"

मी त्यांचं बोट धरून कागदाच्या अगदी वर ठेवलं. "हे बघा. हे त्यांचंच."

त्यांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, कागदाची घडी केली आणि शेजारणीच्या हातात दिली.

"मंग खरं असंल," त्या म्हणाल्या.