पालथी लोटी

कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास आला की मला झाशीची ती दुपार आठवते. मी दहा वर्षांची होते. मे महिन्यात आम्ही पुण्याहून आठवडाभर मावशीकडे गेलो होतो. जेवणं झाली की लू नको म्हणून दारं-खिडक्या बंद व्हायच्या आणि सगळं घर कूलरसमोर आडवं व्हायचं. त्या दिवशी मला झोप येत नव्हती. बाहेरून आवाज आला, "पाणी दे गं बाळ. सुनेला उठवू नकोस." दार उघडलं तर नऊवारीतल्या एक म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या. मी लोटी भरून दिली आणि आत येऊन पडले. चार वाजता मावशी दार उघडायला गेली आणि तिथेच थांबली. उंबऱ्यावर लोटी पालथी ठेवलेली होती. "पानी किसने दिया?" मी म्हटलं, एक आजी आल्या होत्या, मराठी बोलत होत्या. मावशी हळूच म्हणाली, "या मोहल्ल्यात मराठी फक्त आपल्याच घरात बोलतात, बेटा." पाणी पिऊन लोटी पालथी घालायची सवय तिच्या सासूबाईंची. त्या मागच्या उन्हाळ्यात अशाच एका दुपारी गेल्या, तेव्हा मावशीला शेजारीच डोळा लागला होता. त्यांनी पाणी मागितलं असेल का, हा विचार तिला वर्षभर खात होता. तिने मला विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाल्या?" तिचा चेहरा बघून मी घाबरले आणि नाही म्हणाले. मावशीला जाऊनही आता पाच वर्षं झाली. उठवू नकोस म्हणाल्या होत्या, एवढंच तर सांगायचं होतं.