पेल्याची युरोपयात्रा

माझं भाषण होऊनसुद्धा माझ्या मुलीचं लग्न टिकलं आहे.

सई लंडनच्या ईलिंगमध्ये वाढलेली. जावई इटालियन आईचा आणि जर्मन वडिलांचा. रिसेप्शनच्या आधी तिनं मला बजावलं होतं, "बाबा, टू मिनिट्स! आमच्यासाठी ग्लास उंचावून एक छान टोस्ट दे, सगळे पितील, आणि बस खाली. हिस्टरी नको, प्लीज!"

एवढंच मागणं होतं बिचारीचं. पण मला शब्दांची खोड! (आमची ही म्हणते, व्यसन.) दोन्हीकडच्या पाहुण्यांना एका दमात जिंकेल असा शब्द मला सापडला होता. पेल्याचा!

मी शॅम्पेनचा ग्लास उंच धरला. "मंडळी, जुन्या लॅटिनमधला 'बिकारियम' इटलीत झाला 'बिक्किएरे'!"

"बिक्किएरे!" इटालियन टेबलं गरजली, उठली आणि ग्लास रिकामे करून बसली. वेटर लगबगीनं भरायला धावले.

काय रसिक माणसं! मला चेव आला. "जर्मनीत तोच झाला 'बेशर'!" जर्मन मंडळी शिस्तीत उठली, शिस्तीत प्यायली. "इंग्लंडात 'बीकर'!" सईचं अख्खं ऑफिस उठलं. "हंगेरीत 'पोहार'!" हंगेरीचं तिथे कुणीच नव्हतं, म्हणून सगळेच प्यायले!

हिनं माझा कोट ओढला. "अहो, त्यांना प्रत्येक वेळी टोस्टच वाटतोय! आवरा!"

मी घाबरून थेट शेवटाला आलो. "आणि आता, माझ्या सईसाठी..." सगळे उठले आणि आपापल्या रिकाम्या ग्लासांकडे बघत उभे राहिले.

"सॉरी सर, संपली," वेटर पुटपुटला.

सईचे डोळे भरले. एकुलती एक मुलगी, आणि तिच्या नावानं घोटभर नाही! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अख्ख्या हॉलमध्ये भरलेला ग्लास एकच होता, माझा. बोलायच्या नादात प्यायचं राहूनच गेलं होतं.

"तो तरी द्या तिला!" ही कडाडली.

दिला. अर्धा सई प्यायली, अर्धा जावई. विहीणबाई हुंदके देत म्हणाल्या, "किती सुंदर तुमची मराठी प्रथा!" खुलासा करायची माझी छाती झाली नाही.

आता त्यांच्या पुतण्याचं लग्न ठरलंय. ही प्रथा पार पाडायला खास मला बोलावलंय. फोनवर विहीणबाईंनी फार अदबीनं एवढंच विचारलं, "ती न बोलता करता येते ना?"