आईने ॲपमध्ये भरलेली आठ माणसं

मंडळी, आज माझं ॲप घरच्याच परीक्षेत आपटलं!

शास्त्रज्ञांची किचकट गणितं साध्या ॲपमध्ये बसवायची, हे माझं पुण्यातलं काम. नवं ॲप सांगतं, तुमच्या घराला गोबर गॅस चालेल, सोलर चूल की सिलिंडरच बरा. आईला गोबर गॅस हवाच होता, म्हणून पहिली चाचणी आज लेण्याद्रीजवळ आमच्या घरीच घेतली.

आईने मोबाईल हातात घेतला. जनावरं: दोन म्हशी. बरोबर. घरातली माणसं: बोट सरकवत ती थेट आठवर गेली.

ॲप म्हणालं, शेण पुरणार नाही, सिलिंडरच ठेवा.

"आई, इथं तू आणि आण्णा दोघंच राहता. दोन टाक ना!"

ती तडकलीच. "तुमी चौघं, धाकट्याकडची दोघं, न्हाई व्हय या घरची? भरल्या घरात दोनच माणसं लिव्हायची? असलं अभद्र मी न्हाई करायची."

आण्णा हसले. "आरं, भाकरी बी ती रोज जास्तच थापती. म्हशींना इचार."

मग ओट्यावरच बसून मी ॲपमध्ये आणखी एक प्रश्न वाढवला: सणासुदीला घरी येणारी माणसं. आता रोजची दोन लिहायला आईची हरकत नव्हती. सणाची सहा तिने लगेच भरली. उत्तर आलं: गोबर गॅस घ्या, सणापुरता सिलिंडर जोडीला ठेवा.

आई लई खूश झाली. मोबाईल परत देताना म्हणाली, "तुमी कवा येणार, ते बी सांगतं का रं हे?"

मंडळी, याचं गणित कुणाकडे आहे का?