गोमाजीच्या तीन तारा

गोमाजी धान संशोधन केंद्रात चपराशी होता. शाळेत कधी गेला नाही, साहेबांची नावं तो अक्षरांच्या आकारावरून ओळखायचा. पण कोणता शास्त्रज्ञ किती मोठा, हे त्याच्याइतकं कोणाला कळत नसे. टपालाच्या खोलीत त्याने तीन तारा टांगल्या होत्या, तीन शास्त्रज्ञांच्या तीन. उत्तर देऊन झालेलं कार्ड तो ज्याच्या त्याच्या तारेत खुपसायचा. ज्याची तार जड, तो साहेब मोठा.

तेव्हा परदेशातून छापील कार्डं येत: तुमचा अमुक निबंध वाचायला पाठवा. ज्याला अशी कार्डं जास्त, त्याच्या संशोधनाला वजन जास्त. मोठ्या साहेबांची तार त्या गुळगुळीत कार्डांनी वाकलेली. यादोराव साहेबांच्या तारेला मात्र गावोगावच्या शेतकऱ्यांची पंधरा पैशांची पिवळी पोस्टकार्डं. अड्याळचं, बपेऱ्याचं, कुठलं कुठलं. ‘तुमचा कमी पाण्यातला धान ओंजळभर तरी द्या.’ त्यातली निम्मी माझ्या हातची. भंडाऱ्याच्या एसटी स्टँडवर बसून मी लोकांचे अर्ज लिहायचो. शाळा नववीत सुटली, पण माझा अर्ज दिसला की तहसीलचा बाबू खुर्चीत सरळ बसायचा!

ब्याऐंशी साली बातमी आली की समिती येणार, तिघांचे नंबर लावणार. शेवटच्याची प्रयोगाची बांधी, म्हणजे धानाचा बांध घातलेला तुकडा, काढून पहिल्याला देणार. गोमाजी स्टँडवर आला तो तोंड पाडूनच.

“पिवळे कार्ड मोजत नाही म्हने गा. फकत बाहेरदेशचे.”

माझं डोकं सटकलं. “मंग रडून काहून राहिला बे? मोठ्या साहेबाच्या तारेतले काढ अन् यादोराव साहेबाच्या तारेत टाक.”

“पाप होईन ना.”

“त्याच्यापाशी ढीग हाय. त्याले काय फरक पडते?”

एवढी मोठी माणसं ढीग पाहतील, पत्ते कशाला वाचतील, हा माझा हिशेब. गोमाजीने चाळीस कार्डं हलवली.

समितीचे अध्यक्ष म्हणजे चष्म्यातला एक सुकडा माणूस. त्याने पत्ते वाचले. तिसऱ्याच कार्डाला थांबला.

“यादोराव, यावर तुमचं नाव नाही.”

यादोराव साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. काय होतं ते पाहायला मी खिडकीबाहेर उभा होतो. कलेक्टरसमोर टेबल आपटणारा मी, खिडकीच्या कडेला सरकलो.

गोमाजी टोपी काढून पुढे झाला. “मी टाकलो जी. साहेबाले काईच मालूम नाही.”

“कोणी सांगितलं?”

त्याची नजर एकदा खिडकीकडे आली आणि परत गेली. “कोनं नाही जी. माह्याच डोस्क्यात आलं.”

अध्यक्षांनी त्याच तारेतली पिवळी कार्डं ओढली. “आणि ही?”

“लोकायची हाय जी. धान मांगतेत.”

त्या माणसाने दहा-बारा कार्डं वाचली, सावकाश, शेवटच्या सहीपर्यंत. मग पेनाला टोपण लावलं. “माझ्या फॉर्मात याला रकाना नाही.”

यादोराव तिसरे आले. हंगाम संपला की बांधी जाणार होती. गोमाजीला टपालातून काढून त्याच बांधीच्या राखणीला पाठवलं. उन्हात कधी उभा न राहिलेला माणूस, महिनाभरात काळा ठिक्कर पडला. मी तिकडे फिरकलो नाही. कोणत्या तोंडाने जाऊ?

कापणी झाली आणि तोच स्टँडवर आला. खांद्यावर बियाण्याचं पोतं, हातात पिवळ्या कार्डांची तार.

“यादोराव साहेब बोलले, बांधी जाच्याआधी वाटून टाक. एसटीच्या कंडक्टरायपाशी पुड्या देऊ. तू गावं वाच.”

मी तार घेतली नाही. “पयले सांग, माह्यं नाव काहून नाही घेतलं?”

“लय शहाना समजतोस ना सोताले? तुयं नाव घेतलो असतो तं पोलिसायनं तुले या स्टँडवर बसू देलं असतं का? मंग हे कोनं वाचलं असतं?” त्याने पोत्याचं तोंड सोडलं. नव्या धानाचा तो वास, बाभळीखालचं माझं बाकडं, त्याचा तो घामेजलेला हात, सगळं अजून जिथल्या तिथे आहे. “वाच आता. गाडी लागली.”

वरचं कार्ड बपेऱ्याचं होतं. अक्षर माझंच. तरी मला ते लवकर वाचता येईना.