आईच्या ट्रंकेतली दुपटी

आमच्याकडे बारशापर्यंत बाळाला नवं कापड लावत नाहीत. धुवून धुवून मऊ झालेलं जुनं सुती कापडच लागतं, तेही घरातल्या मोठ्या बाईने नेसलेलं. तिचं आयुष्य बाळाला लागतं म्हणतात. माझ्या मुलाला काय लागलं ते सांगते.

पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी. पण सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या त्या डोंगरात काय कमी-जास्त झालं तर डॉक्टर कुठून आणणार? इथे मुंबईत, कांजूरला हाकेवर सगळं आहे." त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. आमचं गाव सावंतवाडीच्या पलीकडे. आठवीच्या पुढची शाळा ओढ्यापलीकडे होती, म्हणून माझी शाळा आठवीतच संपली, आणि दवाखाना तर शाळेच्याही पुढे. आईला यायचं होतं. पण बाबा अंथरुणावर, त्यांना कुशीवर वळवायलाही तीच लागते. मग स्वतःऐवजी तिने दुपटी पाठवली.

गावाहून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे गाठोडं दिलेलं. नवऱ्याने ते हायवेवरून आणलं आणि मी बाळंतिणीच्या बिछान्यावर बसल्या बसल्याच सोडलं. डांबरगोळ्यांचा वास खोलीभर झाला. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीला ओल येते, कपड्यांना बुरशी धरते, म्हणून आईच्या लोखंडी ट्रंकेत कोपऱ्याकोपऱ्यात त्या पांढऱ्या गोळ्या. लहानपणी कुठल्या लग्नाला निघालो की आई त्या ट्रंकेतून साडी काढायची, म्हणून माझ्यासाठी तो सणाचाच वास. तिच्या साड्या फाडून, कडा दुमडून, हाताने टाके घातलेली दुपटी, लंगोट, एक टोपडं. मी त्यात तोंड खुपसून रडले. सासूबाईंनीसुद्धा हात फिरवून पाहिला. "मऊ आहेत हो. तुझ्या आईच्या हातात कला आहे." सासूबाईंच्या तोंडून माझ्या माहेराचं असं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आईला फोन केला. ती म्हणाली, "धुतलेलीच आसत गो, तशीच घाल. आणि नव्या कपड्यात घालू नको हां पोरग्याक."

तशीच घातली.

कांजूरला संध्याकाळी वारा फिरला की डम्पिंगवरच्या कचऱ्याचा वास घरात येतो. इथल्या लोकांना सवय आहे, मला अजून नाही. नाजूक जीव, त्याच्या छातीत हा घाण वारा जायला नको म्हणून मी दुपट्याचं टोक त्याच्या नाकावरून घ्यायची. त्या टोकाआड त्याला आजीचा वास येतोय असं मला वाटायचं. सकाळी सासूबाई खोबरेल लावून मस्त मालीश करायच्या, आणि आंघोळीपर्यंत तेलकट अंगानेच तो त्या दुपट्यात गुंडाळलेला. कुणाचंही काही चुकत नव्हतं. सगळं प्रेमाने, रीतीप्रमाणे चाललं होतं.

पाचवी झाली आणि त्यानंतर तो पिवळा पडायला लागला. शेजारची काकू म्हणाली, "सगळ्यांनाच होते गं, कोवळ्या उन्हात धर." आमच्या चाळीत ऊन येतं ते गॅलरीच्या टोकाला, पत्र्याच्या फटीतून. तिथे मी त्याला घेऊन उभी राहायची, अर्थात दुपट्यात गुंडाळून. मग त्याचे डोळे पिवळे झाले. लंगोटावरचा डाग कोऱ्या चहासारखा दिसायला लागला. मी सासूबाईंना दाखवला, तर म्हणाल्या, "तू पाणी कमी पितेस." त्यांनी दृष्ट काढली. मी पाणी प्यायले. तो दूध ओढता ओढता झोपून जायचा, जागं करावं तर मान टाकायचा. आणि त्याचे ओठ! पिवळ्या रंगाखाली ते पांढरे पडत चालले होते. सासूबाई मला घाबरट म्हणतात, आणि मी आहेच घाबरट. पण त्या वेळी जेवढं घाबरायला हवं होतं तेवढं मी घाबरले नाही.

शेवटी तो रडला ते वेगळंच रडला, बारीक, किंचाळल्यासारखं. नवरा कामावरून आला, त्याने एकदा पोराकडे बघितलं आणि रिक्षा आणली. पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात त्याला लगेच निळ्या दिव्याखाली ठेवलं, डोळ्यांना पट्टी बांधून, उघडा. डॉक्टरीण तरुण होती, केस कसेबसे वर बांधलेले. तिने अंगठ्याने त्याचा तळपाय दाबून बघितला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली. कावीळ पायापर्यंत पोचली होती.

दिव्याखाली उतरायला हवी ती कावीळ उतरेना. रक्त कमी कमीच होत चाललं. डॉक्टरणीला कळेना. माझा रक्तगट विचारला, त्याचा तपासला, गट न जुळण्याचं काही निघालं नाही. आणि इकडे मी काय करत होते? दूध पाजायला त्याला दिव्याखालून काढून दिलं की पटकन गुंडाळत होते. थंडी वाजेल ना! सासूबाई घरून रोज नवीन घडी घेऊन यायच्या, आईच्याच गाठोड्यातली. पिशवीत नीट घालून.

एकदा डॉक्टरीण त्याला बघायला म्हणून माझ्याकडे वाकली आणि तशीच थांबली.

"हा वास कसला येतोय?"

मी काय बोलले ते मला आजही आठवतं. मी हसले. म्हणाले, "गावचा आहे, मॅडम. माझ्या आईने पाठवलीत दुपटी."

तिने दुपट्याचं टोक नाकाला लावलं. "डांबरगोळ्या?"

"हो. ट्रंकेत असतात ना."

"काढ ते."

"थंडी..."

"काढ म्हणते ना! आत्ता काढ. सिस्टर, याचे सगळे कपडे बाहेर न्या, ती पिशवीपण. बाळाला साबणाने पुसून घ्या. आणि तेल कोणी लावलंय याला?"

सासूबाई पुढे होऊन म्हणाल्या, "मी लावते. का?"

"तेलकट अंगात ते विष जास्त भिनतं, आजी."

विष हा शब्द तिने सहज वापरला. नंतर तिने मला बाकावर बसवून समजावलं, एवढंही कुणी करत नाही, म्हणून मी तिची आभारी आहे. काही मुलांच्या रक्तात जन्मतःच एक गोष्ट कमी असते. तशी मुलं एरवी धडधाकट असतात, कुणाला कळतही नाही. पण डांबरगोळीचा वास त्यांच्या अंगात गेला की त्यांचं रक्त फुटायला लागतं. गोळी गिळायलाच हवी असं नाही. कपड्यातून, श्वासातूनही पुरतं. म्हणून लघवी तशी, म्हणून ओठ पांढरे, आणि म्हणून कावीळ. गोळ्यांत ठेवलेले कपडे बाळाला घालायचेच नाहीत, मोरीत, कपाटात कुठेही गोळ्या ठेवायच्या नाहीत, आणि कुठलंही औषध देण्याआधी डॉक्टरला हे सांगायचं, आयुष्यभर. "रक्त बदलावं लागेल," ती म्हणाली, "थोडं थोडं काढायचं, थोडं थोडं भरायचं."

"ही कमतरता येते कुठून?" नवऱ्याने विचारलं.

डॉक्टरीण क्षणभर माझ्याकडे बघून म्हणाली, "मुलग्यात आईकडून येते. पण यात कुणाचा दोष नसतो."

यातलं दुसरं वाक्य सासूबाईंनी ऐकलंच नाही. बाहेरच्या बाकावर त्या म्हणाल्या, "वा! रक्त तुझ्याकडचं, कापड तुझ्या आईकडचं. आमच्याकडचं काय, तर आडनाव!"

नवरा म्हणाला, "आई, जाऊ दे ना."

"जाऊ दे काय? पोर जातंय इथे!"

त्या रडत होत्या. आमच्या मोरीच्या जाळीवर झुरळांसाठी डांबरगोळ्या कोण टाकतं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं. शेजारच्या काकूचा मुलगा रक्तपेढीत बसून रक्त देत होता, नवरा औषधासाठी धावत होता, माझं म्हणायला तिथे कुणीच नव्हतं. लांबच्या मुलीने अशा वेळी तोंड बंद ठेवायचं असतं, हे मला शाळेत नाही शिकवलं, पण येतं.

तो वाचला. मी डॉक्टरणीच्या पाया पडायला वाकले, तर ती मागे सरकली. "अहो, काय करताय! उलट जरा आधी आणलं असतं तर..." आणि तिला कुणीतरी हाक मारली, ती गेली. ते वाक्य तिने कुठे नेऊन संपवलं असतं ते मला पुढे कानाच्या तपासणीत कळलं. त्याला झोपवून डोक्याला वायरी लावल्या, मशीनवर रेषा सपाट. कावीळ फार चढली की आधी कान पकडते, तिथला माणूस म्हणाला. कानाला मशीन लावून बघू, थोडंफार ऐकू येईल, पण वेळ लागेल.

सासूबाईंनी गाठोडं कचऱ्याच्या गाडीत टाकलं. म्हणजे ते कांजूरच्याच डम्पिंगवर गेलं असणार. मोरीतल्या गोळ्याही त्यांनी टाकल्या.

आईला मी काहीच सांगितलेलं नाही. कावीळ झाली होती, बरी झाली, एवढंच. ती बाबांचं सगळं अंथरुणात करते, वर हे ऐकून ती जगेल का? नवरा म्हणतो, सांगून टाक. त्याला सांगायला काय जातं! आणि सासूबाई, ज्यांच्याकडे बोलायला इतकं आहे, त्या आईचा फोन आला की उठून आत जातात. याबद्दल त्यांचे उपकार मानायचे की हेही टोमण्यातच धरायचं, मला कळत नाही. मी उपकार मानते. मला तेवढंच जमतं.

गावात रेंज जेमतेम, म्हणून व्हिडिओ दिसत नाही. आई म्हणते, "फोन त्येच्या कानाक लाव गो." मी लावते. ती तिकडून "बाळा, रे बाळा, आजी बोलता" अशी घसा ताणून ओरडते, मला लांबूनही ऐकू येतं. तो फोन ओढून चाटायला बघतो.

"हसलो काय गो?"

"हसलो."

आता ती मे महिन्यात येणार आहे. मावशी बाबांजवळ राहायला तयार झाली. मी नको म्हणाले, उन्हाळा आहे, खोली लहान आहे, पण ती ऐकेना. तो आता बसायला लागलाय. गॅलरीत डबे मांडले की तासभर खेळतो. आई कुणाच्याही घरी गेली तरी जिन्यातूनच हाका मारत येते, तिची सवयच आहे. ती वर येईल तेव्हा तो डब्यांकडे तोंड करून बसलेला असेल.