देवगडचा लिलाव आणि बाहेर बसलेल्या बायका

खरं सांगतो, ही पोस्ट तीन आठवडे टाळली. आधी आंबे संपवायचे होते, मग गाडीची चेन तुटली, मग नुसताच आळस. पण मुख्य कारण वेगळं. देवगडला ज्या माणसासाठी गेलो होतो, तो हो म्हणाला की नाही तेच अजून कळलेलं नाही. शेवट माहीत नसताना काय लिहिणार? आज शेवटी तसाच लिहायला बसलो.

केतकी पुण्यात आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहते. प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूवर काम करते. मी कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलेला, पण बाइक चांगली चालवतो, म्हणून तिने विचारलं, "मामाकडे सोडशील?" तिच्या बाबीमामाला डिसेंबरात फीट आली होती. दोन महिने गोळ्या घेऊन त्याने स्वतःच बंद केल्या. त्याला पुन्हा डॉक्टरकडे नेणं, एवढंच काम.

पहाटे निघालो. कोल्हापूर, गगनबावडा, वैभववाडी, तळेरे, देवगड. घाट सुरू आहे का ते निघण्याआधी विचारून घ्या, आम्ही विचारलं नाही आणि तासभर रांगेत बसलो. पुढे रस्त्यालगत काजूची बोंडं दिसली म्हणून मी थांबलो. शर्टावर पडलेले डाग अजून आहेत. जामसंड्यात तीनशे रुपयांत सुरमईची थाळी खाल्ली आणि सोलकढी तीनदा मागितली. तिसऱ्यांदा वाढणाऱ्या काकूंनी तांब्याच समोर ठेवला.

मामी दारातच सुरू झाली. "फीट इली तेव्हा नाकाक चप्पल लावली, म्हणान उठलो ह्यो!"

"कोणाची चप्पल ती तरी सांग," मामा म्हणाला. "अजून वास जाणा नाय."

केतकीने कपाळाला हात लावला. "मामी, चप्पल नाही, कांदा नाही, तोंडात काही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही द्यायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ दवाखाना."

"तू उंदरांची डॉक्टर," मामा म्हणाला. "मी काय उंदीर आसंय?"

गोळ्या का सोडल्या ते मात्र सांगेना. मी आणखी खोदून विचारणार होतो, पण सकाळी विजयदुर्गला पळालो आणि किल्ल्यावर अर्धा दिवस घालवला. (टोपी न्या. मी नेली नव्हती.)

संध्याकाळी आम्ही बंदरावर गेलो. होड्या लागल्या होत्या, बांगड्यांचे ढीग पडले होते. ढिगाभोवती व्यापाऱ्यांचं कोंडाळं, मध्ये एक पोरगेलासा माणूस लिलाव पुकारत होता. ते काम पंचवीस वर्षं मामाचं होतं. इथेच, भर लिलावात, तो पडला होता. आता तो लांब, बर्फाच्या खोक्यांपाशी उभा होता.

"गोळी घेतली की जीब जड होता," तो हळूच म्हणाला. "लिलाववाल्याची जीब जड झाली तर तेका कोण इचारता?"

"हे डॉक्टरांना सांगितलंस?" केतकीने विचारलं.

"नाय."

"मग सांग ना! गोळी बदलता येते, कमी-जास्त करता येते. आपली आपण बंद करायची नसते."

मग मी मूर्खासारखं विचारलं, "केतकी, तू नेमकं बघतेस काय त्या उंदरांत?"

तिने कोंडाळ्याकडे बोट दाखवलं. "मेंदूतल्या दोन पेशी अशाच अगदी जवळून बोलतात. त्या सांध्याला सिनॅप्स म्हणतात. निरोप पकडणारे रिसेप्टर तिथे असतात, पण काही सांध्याच्या बाहेरही असतात. त्या बघ." कोंडाळ्याबाहेर पाट्या घेऊन बायका बसल्या होत्या. बोली लावत नव्हत्या, पण कान तिकडेच. "सांडलेलं तेवढं त्यांच्यापर्यंत पोचतं. थोडं, पण सतत. गाबा नावाचं शांत करणारं रसायन असं बाहेर पकडलं जातं आणि पेशी ताळ्यावर राहते."

मामा बघत राहिला. "म्हणजे ही बायलमाणसां उठान गेली तर सगळे एकदम बोंबलतले?"

"फीट येते तेव्हा साधारण तसंच होतं. तुझी याच कारणाने आली असं मी म्हणत नाही हां. अजून शोधतोय आम्ही. उलटंही असतं. दुसरं एक रसायन बाहेर जास्त सांडत राहिलं तर पेशींना इजा होते, असं दिसतंय."

त्या बायकांतली शेवंतीमावशी आमच्याकडे वळली. मासे विकण्यात तिची हयात गेलेली. "बाबी पडलो, तेच्या आधी माका कळला होता. माझी पाठ होती, पण तेचो आवाज वाकडो झालो." मग मामाकडे बघून, "आणि तू कधी येतलंस रे? ह्यो नवो झील नुसतो पुटपुटता. माका भावच कळणा नाय!"

मामाचे कान लाल झाले.

निघताना केतकी म्हणाली, "आधी तुझ्या डॉक्टरांकडे जा, मग पुण्याला ये. माझ्या ओळखीच्या मेंदूच्या डॉक्टर आहेत."

"पुण्याक मी काय येवचंय नाय," मामा म्हणाला.

तेव्हापासून फोन नाही. पेट्रोल, राहणं, खाणं धरून माझे चार हजार गेले, आणि एक खोड लागली. आता चहाच्या टपरीवर मी बोलणाऱ्यांकडे बघत नाही, बाजूला गप्प बसलेल्यांकडे बघतो. ते किती धरून ठेवतात!

इथवर लिहिलं आणि खाली गेटवर कोणीतरी ओरडायला लागलं. खणखणीत, भरभर, एक अक्षर न अडखळता: "देवगड हापूस, एक पेटी! एक वार... दोन वार..." वॉचमन हसतोय. आणि मागून मामीचा आवाज, "अवो, लिलाव मगे! आधी गोळी घेवा!"

उठतो. केतकी माझ्या आधीच जिन्यावरून धावत सुटली आहे.